लेटरहेड कोणाचं? बिलिंग प्रकल्पाच्या नोंदी, जुलै २०२४

सोमवार, १ जुलै

आमचं सॉफ्टवेअर गृहनिर्माण सोसायट्यांची बिलं काढतं. जुलै ते सप्टेंबर तिमाहीची बिलं पहाटे निघाली. १४३ सोसायट्या. दीडला सुरू झालेला रात्रीचा जॉब (रोज रात्री आपोआप चालणारा प्रोग्राम) पावणेचारला संपला, लॉगमध्ये एकही लाल ओळ नाही. मागच्या तिमाहीत हेच काम उरकायला साडेपाच वाजले होते. फरक बहुतेक २७ जूनच्या रिलीजचा. लेटरहेड म्हणजे बिलावरचं नाव, नोंदणी क्रमांक, खातं; ते बनवणारा क्लास (कोडचा एक घटक) प्रत्येक बिलाला साच्याची फाईल आणि लोगो नव्याने वाचायचा, तो मी सिंगलटन केला, म्हणजे ॲपभर एकच. आता एकदाच वाचतो.

दोन्ही पालख्या शहरात मुक्कामाला, पेठांतले रस्ते बंद. ऑफिसात आम्ही तिघंच. खालचा चहावालाही नाही, तो वारकऱ्यांना चहा वाटायला गेलाय.

मंगळवार, २ जुलै

सव्वाअकराला आमचे हिशेबनीस काका दोन कागद घेऊन थेट माझ्या टेबलाशी. काका तीस वर्षं सोसायट्यांची ऑडिटं करताहेत. व्याज कसं लावायचं, कोणता खर्च कोणत्या शीर्षाखाली टाकायचा, हे सगळं आम्ही त्यांनाच विचारतो.

"हे बघ. आणि आता हे बघ."

दोन्ही बिलं कोथरूडच्या एकाच सभासदाची. पहिलं पहाटे ईमेलने गेलेलं, दुसरं त्याने सकाळी पोर्टलवरून डाउनलोड केलेलं. देखभाल, सिंकिंग फंड, पार्किंग, एकूण, सगळं पैशापर्यंत जुळतंय. पण दुसऱ्या कागदाच्या डोक्यावर वारज्याच्या सोसायटीचं नाव. नोंदणी क्रमांक तिचा. तळाशी बँकेचं खातं आणि क्यूआर कोड, तेही तिचेच.

"नाव चुकलं तर लोक हसतील गं," काका म्हणाले. "खातं चुकलं तर पैसे जातील. ते परत कोण आणणार?"

पाच मिनिटांत पोर्टलवरचं बिल-डाउनलोड बंद करून पाटी लावली. सकाळपासून २१२ बिलं डाउनलोड झालेली. त्यातली पंधरा-वीस काढून पाहिली. सोसायटी कोथरूडची असो, धायरीची असो नाहीतर हडपसरची, लेटरहेड वारज्याचं. ईमेलने गेलेली मात्र सगळी बरोबर.

एकाचं दुसऱ्यात मिसळलं की मी आधी रेस कंडिशन (दोन कामं एकाच वेळी एकाच वस्तूला हात घालतात तो घोळ) शोधायला लागते. पण रेस असती तर नावं बदलत राहिली असती, कधी हडपसर, कधी बाणेर. इथे चूक अगदी शिस्तीची आहे. दर वेळी वारजेच.

बुधवार, ३ जुलै

वारज्याची सोसायटी मे महिन्यात आमच्याकडे आली. तिचा क्रमांक १४३. म्हणजे रात्रीच्या जॉबमध्ये सगळ्यात शेवटी.

दुसरा धागा सपोर्टच्या वहीत सापडला. २७ जूनला रात्री आठनंतर दोन फोन: "बिलावर सोसायटीचं नावच येत नाहीये." शेरा: ब्राउझरची कॅश साफ करायला सांगितलं, दुसऱ्या दिवशी ठीक. कॅश साफ करायला कोणी सांगितलं? मीच.

माझ्या लॅपटॉपवर करून पाहिलं. ॲप नव्याने सुरू केलं, पहिल्या सोसायटीचं बिल काढलं: डोकं कोरं. रात्रीचा जॉब हाताने चालवला, पुन्हा तेच बिल काढलं: वारजे. तीनदा केलं, तिन्ही वेळा तसंच. "दुसऱ्या दिवशी ठीक" म्हणणारा तो सभासद वारज्याचाच होता की काय ते पाहायला हवं. (पाहिलं. होता.)

गुरुवार, ४ जुलै

आज पांढऱ्या फळ्यावर सगळं मांडलं. नवा मुलगा समोर होता, त्याच्यासाठी अगदी मुळापासून सांगावं लागलं आणि ते बरंच झालं, कारण सांगता सांगता माझीही एक गैरसमजूत निघाली.

डॉट नेट या फ्रेमवर्कमध्ये कोडला लागणाऱ्या वस्तू बनवून देतो तो कंटेनर. त्यात वस्तूचं आयुष्य तीन प्रकारचं. सिंगलटन म्हणजे ॲप सुरू झाल्यापासून बंद पडेपर्यंत एकच. स्कोप्ड म्हणजे एका स्कोपला, म्हणजे कामाच्या एका हद्दीला, एक. वेबवर प्रत्येक रिक्वेस्टला फ्रेमवर्क स्वतःच नवा स्कोप उघडतं आणि उत्तर गेलं की मिटतं. ट्रान्झियंट म्हणजे मागितलं की नवं. आमच्याकडे "ही रिक्वेस्ट कोणत्या सोसायटीची" हे सांगणारी एक छोटी वस्तू आहे, तिला इथे संदर्भ म्हणते. तो स्कोप्ड. लॉगिनच्या टोकनमधून सोसायटीचा क्रमांक काढून मिडलवेअर (प्रत्येक रिक्वेस्ट आधी ज्यातून जाते तो कोड) त्यात भरतं, आणि डेटाबेसपासून बिलापर्यंत सगळे त्यालाच विचारतात.

लेटरहेडच्या कन्स्ट्रक्टरमध्येही (वस्तू बनताना एकदाच चालणारा कोड) हाच संदर्भ येतो. आणि लेटरहेडला मी सिंगलटन केलं. म्हणजे रिक्वेस्टपुरती जगणारी वस्तू मी कायम जगणाऱ्याच्या खिशात घातली. हा प्रकार जुनाच आहे. मार्क सीमन यांनी २०१४ मध्ये त्याला 'कॅप्टिव्ह डिपेंडन्सी' असं नाव दिलं. ओलीस धरलेली वस्तू.

माझी गैरसमजूत ही: मला वाटायचं, सिंगलटन पहिल्यांदा ज्या रिक्वेस्टमध्ये तयार होतो त्या रिक्वेस्टचा संदर्भ त्याच्याकडे अडकतो. तसं असतं तर सकाळी पहिलं बिल काढणाऱ्याचं नाव सगळ्यांच्या बिलावर आलं असतं. पण हा कंटेनर सिंगलटनला लागणाऱ्या वस्तू रिक्वेस्टच्या स्कोपमधून देतच नाही, मूळ स्कोपमधून देतो. मूळ स्कोप म्हणजे खुद्द कंटेनरचा, ॲपइतकाच जगणारा. तिथला संदर्भ वेगळा. त्याला मिडलवेअर कधी भेटतच नाही, म्हणून तो कोरा. २७ जूनच्या दोन फोनांचं उत्तर हे.

मग वारजे कुठून आलं? रात्रीच्या जॉबमधून. जॉब हा बॅकग्राउंड सर्व्हिस (ॲपमध्ये मागे चालत राहणारं काम), तोही सिंगलटन. दोन वर्षांपूर्वी ज्याने लिहिला तो आता इथे नाही. त्याने कन्स्ट्रक्टरमध्ये सर्व्हिस प्रोव्हायडर (कंटेनरकडून वस्तू मागायची खिडकी) घेतला आणि लागेल ते थेट त्याच्याकडून मागितलं. सिंगलटनला मिळणारा प्रोव्हायडर मूळ स्कोपचाच असतो. म्हणून जॉबला मिळणारा संदर्भ आणि माझ्या लेटरहेडने धरून ठेवलेला संदर्भ ही एकच वस्तू! जॉब तिच्यात १, २, ३ असे क्रमांक भरत जातो, लेटरहेड तिलाच विचारतं, आणि रात्रीची बिलं अगदी बिनचूक निघतात. पहाटे पावणेचारला जॉब १४३ वर थांबतो. तो क्रमांक पुसत कोणीच नाही. दिवसभर लेटरहेड तोच वाचत बसतं.

दोन चुका एकमेकींना सांभाळून घेत होत्या, म्हणून रात्रीचं सगळं हिरवं दिसत होतं.

काकांना हे कसं सांगायचं? म्हटलं, "काका, वॉचमनने आल्यागेल्याची नोंद वहीत करायच्या ऐवजी रात्री शेवटी आलेल्या पाहुण्याचं नाव तळहातावर लिहून ठेवलंय. दिवसा कोणीही विचारलं की तो तळहात दाखवतो."

"मग वॉचमनला वही द्या."

"वही आहे. मीच त्याला सांगितलं की वही जड आहे, राहू दे."

शुक्रवार, ५ जुलै

लेटरहेडचे दोन तुकडे केले. साचा आणि लोगोंचे बाइट्स ठेवणारी पेटी सिंगलटन. तिला कोणत्याही एका सोसायटीशी देणंघेणं नाही, मागाल त्या क्रमांकाचा लोगो ती काढून देते. त्यातून बिलाचं डोकं जुळवणारा क्लास स्कोप्ड, संदर्भ त्याच्याकडे. वेग तोच राहिला, कारण वेळ फाईल वाचण्यात जात होता, वस्तू बनवण्यात नव्हे. हे २७ जूनला सुचायला हवं होतं. 'जड आहे म्हणून सिंगलटन' असं ठरवताना जड नेमकं काय आहे हे मी पाहिलंच नाही.

संध्याकाळी डिप्लॉय, मग डाउनलोड पुन्हा चालू. चुकीच्या क्यूआरवर तिघांनी पैसे भरलेले निघाले. काकांनी वारज्याच्या खजिनदारांना स्वतः फोन केला, सोमवारी पत्र जाईल. खजिनदार म्हणाले, आमच्या खात्यात कोणीतरी उगाच पैसे टाकतंय म्हणून आम्हीच घाबरलो होतो.

सोमवार, ८ जुलै

सकाळपासून एकच प्रश्न डोक्यात. सिंगलटनमध्ये स्कोप्ड घातलं तर फ्रेमवर्क स्वतः ओरडतं. स्कोप तपासणी डेव्हलपमेंटमध्ये आपोआप चालू असते. मग २७ जूनला माझ्या लॅपटॉपवर ॲप सुरू तरी कसं झालं?

दुपारी उलगडा झाला, आणि कपाळावर हात मारला. आमच्या कोणाच्याच लॅपटॉपवर एन्व्हायर्नमेंटचं (ॲप कुठे चालतंय त्याचं) नाव डेव्हलपमेंट नाहीये. ते 'लोकल' आहे. प्रत्येकाची डेटाबेसची सेटिंग्ज वेगळ्या फाईलमध्ये राहावीत म्हणून कधीकाळी कोणीतरी ते बदललं. फ्रेमवर्क नाव पाहतं; नाव 'डेव्हलपमेंट' नसेल तर तपासणी बंद. टेस्ट सर्व्हरवर 'स्टेजिंग', तिथेही बंद. म्हणजे ही तपासणी या प्रकल्पात एकाही मशीनवर, एकाही दिवशी चाललेली नाही. युनिट टेस्ट चारशेच्या वर आहेत, पण त्या सगळ्या क्लास हाताने 'न्यू' करून तपासतात. कंटेनरला कोणी हातच लावत नाही.

दोन्ही तपासण्या, स्कोपची आणि बिल्डच्या (कंटेनर उभा राहण्याच्या) वेळची, नाव काहीही असो चालूच राहतील असं प्रोग्रामच्या सुरुवातीलाच लिहिलं. ॲप सुरू केलं. एकूण नऊ चुका निघाल्या.

बुधवार, १० जुलै

नऊपैकी सहा फुटकळ: उगाच सिंगलटन केलेले क्लास, स्कोप्ड केले की झालं. एक एसएमएसचा, तो संदर्भ घेत होता पण कुठे वापरतच नव्हता, ओळ काढली.

मिडलवेअरच्या दोन चुका शिकण्यासारख्या. आपण नेहमीच्या पद्धतीने लिहितो ती मिडलवेअर ॲपमध्ये एकदाच तयार होते. तिच्या कन्स्ट्रक्टरमध्ये स्कोप्ड वस्तू मागितली की तीही ओलीस. इन्व्होक मेथडच्या पॅरामीटरमध्ये मागायची, तिथे दर रिक्वेस्टला त्या रिक्वेस्टची मिळते. आमचं ऑडिट लॉगचं मिडलवेअर वर्षभर कन्स्ट्रक्टरमधलीच वापरत होतं. ऑडिट लॉगमध्ये सोसायटीचा रकाना कधी रिकामा, कधी भलत्याचाच का असतो, हे एक जुनं तिकीट 'पुन्हा घडत नाही' म्हणून बंद केलेलं होतं. उघडून, कारण लिहून पुन्हा बंद केलं.

नव्या मुलाने सुचवलं, "ताई, सगळंच ट्रान्झियंट करून टाकलं तर कटकटच मिटेल ना?" नाही मिटत. सिंगलटनच्या कन्स्ट्रक्टरमध्ये गेलेली ट्रान्झियंट वस्तूसुद्धा त्या सिंगलटनइतकीच जगते. 'मागितलं की नवं' खरं, पण त्याने मागितलंच एकदा. आणि याबद्दल तपासणी चकार शब्द काढत नाही. शिवाय डीबीकॉन्टेक्स्ट (डेटाबेसशी बोलणारी वस्तू) ट्रान्झियंट केला तर बिल एका कॉन्टेक्स्टमध्ये आणि पावती दुसऱ्यात, एकाच सेव्हमध्ये दोन्ही जाणार कसे?

त्याला हेही दाखवलं की बिल्डच्या वेळची तपासणी सगळं पाहत नाही. फॅक्टरी म्हणून लॅम्बडा (वस्तू बनवणारं छोटं फंक्शन) दिला असेल तर त्याच्या आत ती डोकावत नाही. ओपन जेनेरिक (नेमका प्रकार नंतर ठरणारे क्लास) सोडून देते. कंट्रोलर (रिक्वेस्टला उत्तर देणारे क्लास) तर मुळात कंटेनरमध्ये नोंदवलेलेच नसतात. आणि आपला रात्रीचा जॉब, जो प्रोव्हायडरकडे चालता चालता वस्तू मागतो, तो सुरुवातीला सुखरूप सुटतो. पडेल तो थेट रात्री दीडला. म्हणून क्रम ठरवला: आधी जॉब दुरुस्त, मगच तपासणी प्रॉडक्शनवर (खऱ्या सर्व्हरवर).

शुक्रवार, १२ जुलै

जॉबला हात घालणार तोच काकांचा फोन. बिबवेवाडीच्या एका सोसायटीने थकबाकीवरचं व्याज २१ टक्क्यांवरून १८ वर आणलंय. (आदर्श उपविधींत सरळव्याजाने २१ पर्यंतच लावता येतं, कमी लावायचं असेल तर सभेने ठरवायचं.) मंगळवारी काकांनीच स्क्रीनवर दर बदलला. स्क्रीनवर १८ दिसतो. बुधवारी, गुरुवारी आणि आज पहाटे गेलेल्या आठवणपत्रांत मात्र २१.

"डेटाबेसमध्ये काय आहे?"

"काका, डेटाबेसमध्ये १८ आहे."

"मग तुमचा जॉब पंचांग बघून व्याज लावतो का?"

आता कुठे पाहायचं ते माहीत होतं. जॉबचा डीबीकॉन्टेक्स्टही मूळ स्कोपचा, म्हणजे शेवटच्या रीस्टार्टपासून एकच. एंटिटी फ्रेमवर्क या डेटाबेसच्या लायब्ररीतला कॉन्टेक्स्ट एकदा वाचलेली नोंद लक्षात ठेवतो. ट्रॅकिंग (नोंद लक्षात ठेवणाऱ्या) क्वेरीने तीच नोंद पुन्हा मागितली तर क्वेरी डेटाबेसवर जाते, १८ घेऊन परत येते, आणि कॉन्टेक्स्ट म्हणतो की ही नोंद माझ्याकडे आहेच, आणि आधीची वस्तू पुढे करतो, २१ वाली. नवी किंमत टाकून देतो. हा त्याचा दोष नाही. एका छोट्या कामापुरतं जगण्यासाठी तो बनवलाय, तिथे हेच हवं असतं. आम्ही त्याला आठवडा आठवडा जगवला.

आठवडाच का? कारण दर रविवारी रात्री अकराला सर्व्हर आपोआप रीस्टार्ट होतो. ती ओळही दोन वर्षांपूर्वीचीच, शेजारी टीप: 'मेमरी वाढते.' वाढणारच. १४३ सोसायट्यांच्या सगळ्या नोंदी तो कॉन्टेक्स्ट पोटाशी धरून बसलेला. रोगाचं निदान न करता दर रविवारी सलाईन लावत होतो.

जॉब नव्याने लिहिला. आता तो प्रोव्हायडर घेत नाही, नवे स्कोप उघडून देणारी स्कोप फॅक्टरी घेतो. प्रत्येक सोसायटीला नवा स्कोप. त्यातला संदर्भ मागून त्यात क्रमांक भरायचा. मगच बिल बनवणारा मागायचा. काम झालं की स्कोप मिटायचा. 'मगच' महत्त्वाचं. बिल बनवणाऱ्याच्या साखळीत एक क्लास कन्स्ट्रक्टरमध्येच क्रमांक वाचून ठेवतो. तो आधी तयार झाला तर शून्य घेऊन बसतो. पहिल्या धावेत तेच झालं.

दुसऱ्या धावेत बिलं निघाली पण स्कोप मिटताना जॉब पडला. आमचा ईमेलचा क्लास फक्त असिंक पद्धतीने (वाट अडवून न ठेवता) मिटतो, आणि मी स्कोप साध्या 'युझिंग'ने उघडला होता. कंटेनर सरळ एक्सेप्शन फेकतो, म्हणतो की असिंकने मिटवा. डॉट नेट ६ पासून असिंक स्कोपची सोय आहेच, 'अवेट युझिंग'सह ती वापरली.

बुधवार, १७ जुलै

आषाढी, सुट्टी. घरून फक्त आलेख पाहिला. टेस्ट सर्व्हरवर चार रात्री झाल्या. मेमरी जॉबच्या वेळी चढते आणि नंतर उतरते, पण पूर्ण उतरत नाही, आणि मध्ये एका ठिकाणी सुळका. वेळ जुळवली: हिंजवडीची ती सहाशे फ्लॅटची सोसायटी.

पीडीएफ लिहिणारा क्लास ट्रान्झियंट आणि डिस्पोजेबल, म्हणजे वापरून झाल्यावर मिटवावा लागणारा. कंटेनर डिस्पोजेबल वस्तू बनवून देतो तेव्हा ती मिटवायची जबाबदारी स्वतःकडे घेतो, आणि त्यासाठी तिला स्कोप संपेपर्यंत धरून ठेवतो. आपण तिला विसरलो तरी तो विसरत नाही. सहाशे बिलं, सहाशे पीडीएफ लेखक, सगळे रांगेत उभे. आधी तर ते मूळ स्कोपमध्ये होते, म्हणजे थेट रविवारपर्यंत! उपाय: पीडीएफ लेखक कंटेनरमधून काढला, तो बनवून देणारी छोटी फॅक्टरी ठेवली. बनवायचा, वापरायचा, तिथल्या तिथे मिटवायचा. जो आपण बनवला तो आपण मिटवायचा, कंटेनर त्यात पडत नाही.

साबुदाण्याची खिचडी गार झाली.

सोमवार, २२ जुलै

शनिवारी नव्या मुलाने जॉब समांतर केला, एका वेळी आठ सोसायट्या. काल रात्री टेस्ट सर्व्हरवर धाव, सकाळी लॉग लालभडक: या कॉन्टेक्स्टवर आधीचं काम संपायच्या आत दुसरं सुरू झालं. कोड पाहिला. स्कोप उघडण्याची ओळ लूपच्या बाहेर सरकली होती. "आठदा कशाला उघडायचा, एकदाच उघडू म्हटलं." त्याला रागावणार होते, पण २७ जूनला मीही नेमकं हेच म्हटलं होतं, फक्त क्लास वेगळा होता.

आणि खरं तर आम्ही सुटलो. कॉन्टेक्स्ट ओरडला म्हणून कळलं. आठ सोसायट्या एकाच संदर्भात एकमेकींचे क्रमांक खोडत होत्या आणि त्याबद्दल कोणीही ओरडलेलं नाही. ही मंगळवारी शोधत होते ती रेस कंडिशन, तीन आठवड्यांनी, आमच्याच हातची.

मग आज संदर्भालाच शहाणं केलं. क्रमांक न भरता कोणी वाचला तर शून्य देत नाही, एक्सेप्शन फेकतो. एकदा भरल्यावर दुसरा क्रमांक भरायला गेलं तरी फेकतो. एका स्कोपला एकच सोसायटी. दहा ओळींचा बदल. या दहा ओळी जूनमध्ये असत्या तर २७ तारखेला रात्री आठलाच कोरं डोकं छापण्याऐवजी ॲप पडलं असतं, आणि दोन वर्षांपूर्वीच असत्या तर जॉब पहिल्याच रात्री दुसऱ्या सोसायटीवर अडला असता.

त्याची आणखी एक समजूत: रिक्वेस्टच्या आत नवा स्कोप उघडला तर बाहेरच्याचा संदर्भ आत मिळेल. या कंटेनरमध्ये स्कोप एकाच्या पोटात एक नसतात. आतून उघडला तरी तो भावंड असतो, लेकरू नव्हे. संदर्भ पुन्हा भरायचा. ऑटोफॅक या दुसऱ्या कंटेनरमध्ये टॅग लावलेल्या बाहेरच्या स्कोपमधली वस्तू आतल्यांना वाटून देता येते, पण तेवढ्यासाठी कंटेनर बदलायची माझी तयारी नाही.

गुरुवार, २५ जुलै

रात्रभर पाऊस. खडकवासल्यातून सोडलेलं पाणी सिंहगड रोडला एकतानगरीत शिरलंय. आमची टेस्टर त्याच बाजूला राहते, तिचा फोन लागेपर्यंत कोणाचंच कामात लक्ष नव्हतं. घरातले सगळे वरच्या मजल्यावर शेजाऱ्यांकडे, सुखरूप. ऑफिस बंद. आजचं डिप्लॉयमेंट पुढे.

मंगळवार, ३० जुलै

काल सगळं प्रॉडक्शनवर गेलं: जॉब, संदर्भ, तपासणी. आज दुपारी 'पावती पाठवा' बटणावर चुका. मिटलेला कॉन्टेक्स्ट वापरायचा प्रयत्न. बटण दाबलं की आमचा कोड ईमेलचं काम टास्कमध्ये (मागे वेगळ्या चालणाऱ्या कामात) सोडून देतो आणि ब्राउझरला लगेच उत्तर देतो. उत्तर गेलं की रिक्वेस्टचा स्कोप मिटतो, त्यातल्या वस्तू बनल्या त्याच्या उलट्या क्रमाने मिटत जातात, आणि टास्क अजून त्याच कॉन्टेक्स्टमधून सभासदाचा पत्ता वाचत असतो. ही चूक नवी नाही. लॉग उलटे चाळले तर मार्चपासून आहे. ईमेल सर्व्हर जलद असला की टास्क आधी संपतो आणि पावती जाते. हळू असला की जात नाही. लोक पुन्हा बटण दाबत होते.

इथे ओलीस उलटा आहे: जगायला हवी होती ती वस्तू लवकर मेली. पण प्रश्न तोच, हे काम कोणाच्या आयुष्यात मोडतं? रिक्वेस्टच्या तर नक्कीच नाही. आता बटण फक्त दोन आकडे रांगेत टाकतं, सोसायटीचा क्रमांक आणि पावतीचा. रांगेच्या दुसऱ्या टोकाला एक बॅकग्राउंड सर्व्हिस. ती प्रत्येक पावतीला स्वतःचा स्कोप उघडते, संदर्भ भरते, ईमेल पाठवते, मिटते. वस्तू हद्दीपलीकडे न्यायच्या नाहीत, आकडे न्यायचे. रीस्टार्ट झाला तर मेमरीतली रांग पुसली जाईल, म्हणून 'पाठवायची आहे' हा शेरा डेटाबेसमध्येही ठेवला.

एक टेस्टही लिहिली, खऱ्या कंटेनरवर चालणारी. दोन सोसायट्या भरते, रात्रीचा जॉब चालवते, मग दिवसासारखी रिक्वेस्ट करून पहिलीचं बिल मागते, आणि डोक्यावरचं नाव नि खातं तपासते. २६ जूनचा कोड घेतला तर पास, २७ चा घेतला तर नापास. तिचं नाव ठेवलं 'वारजे'.

गुरुवार, १ ऑगस्ट

पहाटे आठ-आठ सोसायट्यांचा जॉब छप्पन्न मिनिटांत संपला. मेमरी चढली तेवढी उतरली. रविवारचा रीस्टार्ट काढला नाही, फक्त बंद करून ठेवलाय, महिनाभर पाहू.

बिबवेवाडीचं व्याज १८. चुकीच्या आठवणपत्रांची दुरुस्ती काकांनी सही करून पाठवली.

अकराला काका आले. पोर्टल उघडायला लावलं, कोथरूडचं बिल काढायला लावलं, छापायला लावलं. खिशातल्या डायरीत त्या सोसायटीचा खाते क्रमांक लिहून आणला होता. कागदावर बोट ठेवून एकेक आकडा मोठ्याने वाचत गेले, शेवटच्या चारपर्यंत. मग म्हणाले, "आता वारज्याचं काढ."